कमरेवर पाय देण्याआधी

तुमच्या संघातली एखादी खेळाडू "कमरेतून कळ निघते आणि पाऊल बधिर होतं" असं म्हणाली, तेव्हा तुम्ही तिला डॉक्टरकडे नेलंत, की पालथं झोपवून तिच्या कमरेवर कुणाला तरी उभं केलंत?

लगेच उत्तर देऊ नका. आधी माझं ऐका. माझ्या कमरेवर माणूस उभा होता, आणि त्याला उभं राहायला मीच सांगितलं होतं.

माझं नाव मंगल. आमचा पाडा टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्याला लागून. मी कबड्डी खेळते, चढाई करते. "खेळते" लिहावं की "खेळायची", हे आज मला माहीत नाही. ते माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर अवलंबून आहे. हसू नका. अंगठ्यावरच आहे.

उसण

झालं ते साध्या सरावात. मी चढाईला गेले, बोनस रेषेवर पाय टाकला आणि समोरच्या तिघींनी मला धरलं. एकीनं मांडी, दुसरीनं कंबर, तिसरीनं खांदा. तिघींनी तीन दिशांना ओढलं. खेळात हे रोज होतं. मी उठले, माती झटकली, पुढची चढाईही केली. घरी आल्यावर मात्र भाकरी थापायला खाली बसले आणि उठताच येईना.

आई म्हणाली, "उसण भरली. निमाला बोलव."

निमा म्हणजे माझी आतेबहीण आणि आमच्या संघाची कर्णधार. वाशिंदला कारखान्यात कामाला जाते आणि सुट्टीच्या दिवशी संघ चालवते. ती पायाळू आहे, जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. निमाताईच्या पायाला गुण आहे ही ख्याती मुरबाडपर्यंत. सामन्याआधी आमच्या संघातल्या सगळ्या मुली ओळीनं पालथ्या झोपायच्या आणि ती एकेकीच्या कमरेला पाय लावत जायची. तीच आमची तयारी, तेच आमचं औषध, आणि खरं सांगायचं तर तोच आमचा धीर.

निमाताई आली. तिनं नेहमीसारखा पाय टेकवला. फरक पडेना. सरळगावची स्पर्धा तोंडावर होती.

"जोर दे गो ताई," मी म्हणाले.

"दुखंल."

"दुखूदे. दे जोर."

तिनं भिंतीला हात लावला आणि दोन्ही पायांनी माझ्यावर उभी राहिली. कमरेत कट्ट झालं. सगळे खूश. "निघाली, निघाली!"

बाबा दारात उभे राहून बघत होते. हे मुद्दाम लिहिते. माझे बाबा जमिनीच्या हक्कासाठी लढणाऱ्या संघटनेत आयुष्यभर राबले. आमच्या घरात गोधड्यांपेक्षा पत्रकं जास्त. बुवाबाजीविरुद्ध त्यांनी लिहिलेल्या पत्रकाचा गठ्ठा मी झोपले होते त्याच खोलीच्या कोपऱ्यात होता. त्या गठ्ठ्यावरून मी वाचायला शिकले. बाबा काही बोलले नाहीत. मीही त्याच पत्रकांवर वाढलेली, मीही बोलले नाही. स्पर्धा जवळ आली की आपण सगळे काय काय विसरतो, ते बघा.

मी उठून ओसरीवर आले. आईनं विचारलं, "चप्पल कुठं गेली एक?"

डाव्या पायातली चप्पल उंबऱ्याशीच राहिली होती. ती पायातून निघाली हे मला कळलंच नव्हतं. मी चालून पाहिलं. उजवं पाऊल नेहमीसारखं पडत होतं. डावं पाऊल मात्र टाच टेकताच जमिनीवर आपटायचं. थप. थप. थप.

आईच्या चेहऱ्यावरचं हसू त्या आवाजानं उतरलं.

"अंगठा वर कर"

मुरबाडच्या डॉक्टरांनी पाऊल पाहिलं आणि थेट कल्याणला पाठवलं. जीपच्या मागच्या बाकावर मी आडवी पडून होते आणि प्रत्येक गतिरोधकाला आई ड्रायव्हरवर ओरडत होती. तो बिचारा "मावशी, उडत नेऊ का मग?" म्हणाला, तेव्हा मला हसू आलं आणि हसल्यानं कळ थेट पोटरीपर्यंत गेली. हसणंही हातातून गेलं, असं तेव्हा वाटलं.

कल्याणच्या डॉक्टरांनी मला टाचांवर चालायला सांगितलं. उजवी टाच चालली. डाव्या पायाचा पंजा उचलेचना.

"अंगठा वर कर."

मी केला. म्हणजे मनातून केला. अंगठा तसाच होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

एमआरआयच्या बोगद्यात डोक्याभोवती ठोकाठोक चालली होती आणि मी त्या तालावर मनात "कबड्डी कबड्डी" म्हणत होते. दुसरं काही सुचत नव्हतं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की, कमरेच्या मणक्यांमधली एक चकती सरकली आहे आणि पायाकडे जाणारी नस तिच्याखाली दबली आहे.

मग त्यांनी विचारलं, "कुणी दाबलं, चोळलं, असं काही?"

आई माझ्याकडे बघू लागली. नको सांगू, असं तिचे डोळे म्हणत होते. मी सांगितलं.

डॉक्टर चिडले नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं. "चकती बहुतेक त्या पकडीतच सरकली असेल," ते म्हणाले. "उभं राहिल्यामुळे किती वाढलं हे मी सांगू शकत नाही. पण सरकलेल्या चकतीवर माणूस उभा करायचा नसतो."

ताकद आणखी कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी ऑपरेशन करायचं, असं ठरलं. तोवर औषधं, विश्रांती आणि वाट पाहणं.

वॉर्डात

वाट पाहण्याचं काम काय असतं, ते मला तिथे कळलं. सकाळी डॉक्टर यायचे, पांघरूण वर करायचे आणि म्हणायचे, "अंगठा." सगळा वॉर्ड माझ्या पायाकडे बघायचा. दिवसभराची माझी परीक्षा एवढीच. त्यानंतर उरलेला दिवस उद्याच्या परीक्षेची भीती.

शेजारच्या खाटेवर वाशिंदच्या एक मावशी होत्या, कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्या. पाय मोडून पडल्या होत्या, पण तोंड शाबूत होतं. डॉक्टर आले की त्या माझ्या पायाला दम द्यायच्या, "ए अंगठ्या, हल ना रे बाबा. तुझ्यापायी माझा चहा थंड होतोय."

नर्सही हसायच्या. अंगठा मात्र हलायचा नाही.

एका दुपारी आई-बाबांचं खाटेपाशीच भांडण झालं. बाबा म्हणाले, "तूच बोलावलंस निमाला. अडाणीपणा सगळा."

आईनं हातातला डबा खाली ठेवला. "मी बोलावला. तुमी दारात व्हतात ना? एवढी पत्रकं लिवता, तवा तुमचं तोंड कुठं गेल्तं?"

बाबा बाहेर निघून गेले. परत आले तेव्हा त्यांनी माझ्या पायाशी बसून पावलाला हात लावला आणि मला स्पर्श कळत नव्हता म्हणून मी ते बघून समजून घेतलं. मला त्यांचा रागही आला होता आणि दयाही.

निमाताई आली नाही. संघाच्या मुलींनी मोबाइलवर लिहिलं होतं, "मंगलने डॉक्टरसमोर ताईचं नाव घेतलं. एवढं करूनही उपकारांची जाण नाही." मला उत्तर लिहायचं होतं. मी खूप लांब लिहिलं, फार जळजळीत. मग पुसलं. माझा अंगठा हलत नसताना मी कुणाशी भांडत होते?

एका सकाळी डॉक्टर "अंगठा" म्हणाले आणि तो हलला. तांदळाच्या दाण्याएवढा. मावशी ओरडल्या, "हलला! मी पाह्यला!" डॉक्टर म्हणाले, "मीही पाहिला. ऑपरेशनचं आता लांबवू. पण पूर्ण परत येईल असं वचन देत नाही."

म्हैससुद्धा हे करते

घरी आल्यावर मला घाई झाली. मोबाइलवर एक गृहस्थ योगासनं शिकवत होते. पाय पसरून बसायचं आणि कपाळ गुडघ्याला टेकवायचं, कंबर लोण्यासारखी होईल, असं ते हसत हसत सांगत होते. मी केलं. कळ पायात अशी उतरली की मी तिथेच आडवी झाले आणि पुन्हा अंथरुणाला खिळले.

कल्याणच्या डॉक्टरांनी मग शहापूरच्या गायकर मॅडमचं नाव दिलं. त्या फिजिओथेरपिस्ट आहेत आणि योगही शिकलेल्या आहेत. कबड्डीच्या आणि कुस्तीच्या मुलांना तपासतात. किन्हवलीमार्गे जीपनं मी आईसोबत गेले. व्हिडिओचं ऐकून त्यांनी विचारलं, "त्या गृहस्थांची चकती सरकलेली आहे का?"

"नाही."

"मग त्यांचं आसन त्यांनाच करू दे. चकती सरकलेल्या माणसाला सध्या पुढे वाकायचं नाही. कळलं?"

त्यांनी मला पालथं झोपवलं, हात हनुवटीखाली ठेवायला लावले आणि सांगितलं की, श्वास घे, सोड. बस.

"हा योग?" मी म्हणाले. "हे तर आमची म्हैससुद्धा करते."

"म्हैस श्वास धरून ठेवत नाही. तू ठेवतेस. कधीपासून ठेवतेस?"

मला ते माहीतच नव्हतं. मी लक्ष दिलं तेव्हा कळलं की कळ येईल या भीतीनं मी आधीच श्वास आवळून पडलेली असते. दिवसभर.

हे काम फार हळू चाललं. आधी नुसता श्वास. मग छाती जरा उचलायची, भुजंगासनाची अगदी सुरुवात. मग एकेक पाय. पायात कळ उतरली की थांबायचं, हा मॅडमचा कायदा. आम्हाला कबड्डीत उलटं शिकवलेलं, कळ आली की दात आवळायचे. दुखणं लपवणारी खेळाडू चांगली, हे माझ्या हाडात मुरलेलं. मॅडम म्हणायच्या, "तुझा पाय तुला काहीतरी सांगतोय आणि तू त्याला गप्प बस म्हणतेस."

एकदा त्यांनी माझे खुबे तपासले आणि म्हणाल्या, "लाकूड आहे हे. ताकद भरपूर, पण लवचीकपणा नाही. खुबा वळत नाही तेव्हा त्याच्या वाटचं वळणं कंबर करते. मग तिघींनी ओढल्यावर काय होणार?"

मला राग आला. मॅडमचा नाही. माझ्या लहानपणापासून आम्ही मैदानाला फेऱ्या मारतो, दंडबैठका काढतो, मातीत लोळतो. सावकाश अंग मोकळं करायला कुणी एकदाही शिकवलं नव्हतं. योगदिनाला मात्र शाळेच्या पटांगणात ओळीनं बसवून आमचे फोटो काढले होते. फोटो निघाला की चटया गुंडाळल्या. पुढच्या वर्षापर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

पाऊल जरा उचलू लागल्यावर मॅडमनी मला भिंतीजवळ डाव्या पायावर उभं केलं. वृक्षासन. आणि सांगितलं, "आता हळू आवाजात कबड्डी म्हण. एका श्वासात, न घाबरता."

मी म्हणू लागले. दम टिकत होता. तेवढ्यात त्यांनी मागून माझ्या कमरेला बोट लावलं. नुसतं बोट. दम तुटला आणि मी भिंतीवर आदळले.

"कुणी धरलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

मी रडले. मला त्या तिघी आठवल्या होत्या. पाय सुधारत होता आणि भीती जशीच्या तशी बसली होती. त्यानंतर रोज तेच केलं. बोट लागायचं, श्वास डगमगायचा, मी नजर समोरच्या खिळ्यावर ठेवून पुन्हा म्हणायची. एके दिवशी बोट लागलं आणि दम टिकला. भीती होतीच. ती आलेली मला दिसली, एवढाच फरक. चढाईत सात जणींवर लक्ष ठेवायचं असतं. त्याआधी स्वतःच्या श्वासावर लक्ष ठेवायला मी तिथे शिकले.

निमाताई

ती एका रविवारी आली. अंगणात उभी राहिली, वर येईना.

"ये ना गो," आई म्हणाली.

"आधी मंगलला विचार, माझ्या पायाला दोष देतेय काय ती?"

मी आतून म्हणाले, "पायाला नाय देत. मी जोर दे म्हटलं, तू दिलास. आपल्या दोघींना माहीत नव्हता."

"आन् आता सगळी म्हणतात, निमाचा पाय वाईट."

"मी नाय म्हणत."

ती वर आली. मला पालथी पडलेली पाहून म्हणाली, "ही काय मगरीसारखी पडलेय?" आई म्हणाली, "मकरासनच हाय ते." तिघीही हसलो. मग निमाताई शेजारी पालथी झाली. मॅडमनी दिलेला साधा व्यायाम मी तिला करायला सांगितला, पाठीवर झोपून एक पाय सरळ वर उचलायचा. संघाच्या कर्णधाराचा पाय अर्ध्यातच अडकला.

"हा माझाच पाय हाय ना?" ती म्हणाली.

पुढच्या खेपेला ती माझ्यासोबत शहापूरला आली. मॅडमकडून निरोगी खेळाडूंसाठी वेगळी आसनं शिकून घेतली आणि सरावाआधी सगळ्या मुलींकडून करून घेऊ लागली. मैदानाच्या कडेला बसणारी पोरं चिडवायची, "कबड्डी खेळताय की बाबांच्या आश्रमात चाललाय?" निमाताई डोळे न उघडता म्हणायची, "ये, तू पन ये. वाकून दाखव. पँट फाटंल."

योगानं चमत्कार झाला असं मी लिहिणार नाही. असं लिहिणाऱ्यांमुळेच मी मोबाइलसमोर कपाळ गुडघ्याला लावत बसले होते. एवढं सांगते की, निमाताईची मागे मारायची लाथ लांब जाऊ लागली आणि मुली शेवटच्या मिनिटांत आरडाओरडा कमी, खेळ जास्त करू लागल्या. ओळीनं झोपून पाय लावून घेणं मात्र बंद झालं नव्हतं. सवय होती ती. धीर होता.

वैशाखरे

वैशाखऱ्याच्या स्पर्धेला मी बघायला गेले. संघाचा टी-शर्ट घातला होता, कारण घालावासा वाटला. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिलेली नव्हती.

उपांत्य सामन्यात आमच्या सारिकाला चौघींनी खाली घेतलं. ती उठली, पण वाकडी. मध्यंतर झालं आणि कुणी काही सांगायच्या आत ती स्वतःच पालथी झोपली. मुलींनी कडं केलं. "ताई, पाय दे लवकर." आयोजक ओरडत होते, "आटपा, आटपा!"

निमाताईनं सवयीनं बूट काढला. पाय उचलला.

पाय हवेतच राहिला. मग तिनं तो मातीवर टेकवला.

"सारिके, पाऊल सुन्न होतंय काय?"

"नाय ताई, तू दे ना."

"खरं बोल गो."

सारिकानं तोंड मातीत लपवलं. "थोडासा. अंगठ्याजवळ."

निमाताईनं बूट परत घातला आणि नाडी बांधली. "ही खेळणार नाय."

सगळीकडून गलका झाला. एकच राखीव मुलगी होती, ती तापानं आलीच नव्हती. मग कुणीतरी मला पाहिलं. "मंगल हाय ना! टी-शर्ट घालूनच आलेय!" माझं नाव घेऊन लोक ओरडू लागले. किती दिवसांनी ऐकलं ते. मी मैदानाच्या रेषेपर्यंत गेले. जायचं होतं मला, हे खोटं कशाला लिहू? मी डाव्या पायावर उभी राहिले आणि हळूच "कबड्डी" म्हणू लागले.

दम टिकला. पण अंगठा थकून खाली येत होता. मला ते जाणवलं. आधी जाणवलं नसतं.

"मी नाय उतरत," मी म्हणाले.

मागून एकजण बोलला, "योगा करून भित्री झाली ही."

निमाताईनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती उरलेल्या पाच जणींना घेऊन उतरली. आम्ही हरलो. चांगल्याच हरलो. मी तोवर सारिकाला घेऊन पिकअपमध्ये बसले होते. मुरबाडच्या वाटेवर मी तिला म्हणाले, "अंगठा वर कर."

तो वर आला. जरा कमी, पण आला. मी ते पाहून इतकी रडले की तिलाच मला धीर द्यावा लागला.

आता

सारिका अंथरुणावर आहे, पण तिचं पाऊल उचलतं. वेळेत तपासल्यामुळे बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. माझा अंगठा उजव्याइतका उचलत नाही. पुढच्या हंगामात मला उतरता येईल का, ते पुढच्या तपासणीत ठरेल. वाट पाहणं अजून संपलेलं नाही. श्वास मात्र आता धरून ठेवत नाही.

निमाताईची ख्याती कमी झाली, असं लोक म्हणतात. त्या दिवशी वैशाखऱ्याला तिनं जो पाय उचलला आणि परत जमिनीवर ठेवला, त्याच्याएवढा गुण मी दुसऱ्या कुठल्या पायात पाहिलेला नाही.

तुम्ही खेळाडू असा, संघ चालवत असा किंवा गावच्या स्पर्धेचा मांडव घालत असा, मी एक मागते. उद्या सरावाला गेल्यावर, पहिली फेरी मारायच्या आधी, सगळ्यांना अनवाणी करा आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाचांवर चालायला लावा. मग साधं चालायला लावा. सगळ्यांना गप्प करा आणि कान देऊन ऐका. कुणाचा पंजा उचलत नसेल, कुणाचं पाऊल थप करून आपटत असेल, तर त्याच्या कमरेला कुणालाही हात लावू देऊ नका, पाय तर नाहीच. सामना सोडा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. बाकीच्यांना जाणकाराकडून आसनं शिकवा आणि रोज करवून घ्या, फोटो न काढता.

पण आधी तेवढं चालायला लावा. उद्याच. आणि ऐका.